डाव्या पायाचं बिल

‘गिअरबॉक्स गेलाय, पन्नास हजार धरून चाला,’ असं पुण्यात सांगितलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रीमामांनी बॉनेटसुद्धा न उघडता एकच प्रश्न विचारला : ‘ताई, गाडी कोण चालवतंय?’

करूळ घाट. पावसाळ्यातली रविवारची संध्याकाळ. पुढे जांभ्या चिऱ्यांनी गच्च भरलेला ट्रक, मागे एसटी आणि मधे माझी जीप. ट्रक पाच फूट चढतो, थांबतो, धापा टाकतो, पुन्हा पाच फूट. मीही तसंच. क्लच अर्धा, ॲक्सिलरेटर अर्धा, हँडब्रेकवर हात.

‘रातकिडे काय सॉलिड ओरडताहेत ना!’ शेजारी बसलेली मैत्रीण म्हणाली. आम्ही दोघी मालवणहून परत येत होतो. तिच्या बाजूला डोंगराची उभी भिंत, खिडकी उघडी. भिंतीवर आपटून आवाज सरळ आत येत होता. चिर्रर्र... चिर्रर्र...

मलाही ते खरंच वाटलं. गगनबावड्यात चहाला थांबलो. इंजिन बंद, रातकिडा बंद. चहा झाला. इंजिन चालू केलं, तरी रातकिडा बंद. पहिला टाकायला म्हणून क्लचवर पाय ठेवला आणि... चिर्रर्र.

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. ‘तुझा रातकिडा गाडीत आहे गं,’ ती म्हणाली.

आधी जीपबद्दल. ही जीप माझ्या काकांची. काका साळवणचे, गगनबावडा रस्त्यावरचं गाव, घरचा ऊस. त्यांनी ही फोर बाय फोर शेतासाठी वापरली. तुमच्या-माझ्या इंग्लिश चॅनलवर ‘ऑफ रोडिंग’ दाखवतात ना, हेल्मेट आणि विंच लावून? त्याला आमच्याकडे पाणंद म्हणतात. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी गुडघाभर चाकोऱ्या पडलेली, दोन्हीकडून उसाची पानं तोंडावर मारणारी पाणंद. तिच्यातून काका रोज जायचे, डोक्याला टॉवेल गुंडाळून, मागे खताची पोती टाकून. मधे एक ओढा. तोही गाडीनेच पार करायचा. काकांनी पिकअप घेतली तेव्हा जीप गोठ्याशेजारी उभी राहिली. मी म्हटलं, मला द्या. बाबा म्हणाले, हे नसतं खूळ आहे. काका म्हणाले, घेऊन जा की.

मग काय, दोन वर्षं ही जीप पुण्यात. साळवणची पाणंद सोडून हिंजवडीची. ऑफिसला रोज दोन तास जायला-यायला, त्यातला दीड तास सिग्नल आणि जॅम. ऑफिसात माझी वट होती हं! पार्किंगमध्ये एकसारख्या पांढऱ्या गाड्यांच्या रांगेत ही एक चिखलाळ, उंच. लोक फोटो काढायचे.

तर आवाज आला आणि मी गेले गॅरेजमध्ये. मोठं, चकाचक. काचेची वेटिंग रूम, कॉफीचं मशीन, टीव्हीवर क्रिकेट. युनिफॉर्ममधला मुलगा गाडी घेऊन राउंड मारून आला आणि टॅबवर टाइप करत म्हणाला, ‘मॅम, गिअरबॉक्सचा नॉइज आहे. ओव्हरहॉल करावा लागेल.’ एस्टिमेट पन्नास हजारांच्या पुढचं. जुन्या जीपचे पार्ट मिळायला वेळ लागेल, हे वर.

रात्री बाबांना फोन केला. ते शांत. इतके शांत, की मला कळलं, त्यांच्या डोक्यात काहीतरी आधीच शिजलंय. ‘इचलकरंजीची एक पार्टी आहे,’ ते म्हणाले. ‘यंत्रमागवाले. जीप बघायला येतो म्हणालेत. रविवारी घेऊन ये. खर्च करत बसू नकोस.’

मी शुक्रवारी रात्री निघाले. पूर्ण हायवे क्लच कमीत कमी दाबत. साताऱ्याच्या पुढे एक गोष्ट लक्षात आली. टॉप गिअरमध्ये, पाय खाली फ्लोअरवर ठेवून चालवलं की गाडी अगदी गप्प. तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. आपण इंजिनिअर असतो, पण कॉम्प्युटरचे!

मांजराच्या पाठीवर हात

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना काय सांगू. बाहेरगावचे लोक तिथे फडतरेंची मिसळ खायला येतात, रांगेत उभे राहतात, फोटो काढतात आणि परत जातात. त्या रांगेतून जरा इकडेतिकडे बघितलं तर दिसेल : दहा बाय पंधराच्या शेडमध्ये एक लेथ, एक टर्नर, भिंतीवर एक अंबाबाई आणि एक हनुमान. शेजारच्या शेडमध्ये ड्रिल. त्याच्या शेजारी वेल्डिंग. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतलं कास्टिंग कुठल्या कुठल्या गाड्यांत जातं, आणि त्याच शहराच्या पोटात हे छोटे कारागीर, ज्यांच्याकडे तुटलेली कोणतीही वस्तू नेली की पहिला प्रश्न ‘नवी घेतलीस तर कितीला येते?’ असा नसतो. ‘कुठं तुटलंय दाखव,’ असा असतो. हे आजचं नाही. याच गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः जुळवला होता. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० सालचा. आणि दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा अख्खं गाव मान वर करून बघतं. जुनी गाडी टाकून देणं आमच्या रक्तात नाही. (बाबा अपवाद.)

मिस्त्रीमामांचं गॅरेज अशाच एका बोळात. वय साठीच्या पुढे, खिशात पेनाऐवजी स्क्रू ड्रायव्हर. काकांची जीप त्यांनी आधी पाहिलेली. मी गिअरबॉक्स, ओव्हरहॉल, एस्टिमेट, सगळं धडाधड सांगितलं. ते ऐकतच नव्हते. ड्रायव्हरच्या दारातून खाली, पेडलकडे बघत होते.

‘ताई, गाडी कोण चालवतंय?’

‘मीच.’

‘पुण्यात?’

‘हो, रोज.’

‘बरं. बसा. न्यूट्रल करा, हँडब्रेक वडा, चालू करा.’ एका पोराने चाकामागे दगड लावला. ‘आता डावा पाय बाजूला ठेवा. बाजूला म्हंजे पार बाजूला. हवेत न्हवं.’

पाय फ्लोअरवर ठेवला. इंजिनची नेहमीची धडधड. बाकी काही नाही.

‘आता पाय क्लचवर ठेवा. दाबू नका. नुसता टेकवा. मांजराच्या पाठीवर हात ठेवल्यागत.’

मी टेकवला. थोडंसं, अगदी थोडंसं पेडल खाली गेलं आणि आला. चिर्रर्र. तळपायाला एक बारीक थरथरही जाणवली. दोन वर्षं त्याच पेडलवर पाय होता आणि ती थरथर मला कधी कळली नव्हती.

‘आता पुरा दाबा. गिअर टाका. क्लच सोडू नका हां! थांबा असंच.’ मामांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्लचच्या हाउसिंगला लावलं आणि मूठ कानाला. डॉक्टर छाती तपासतात तसं. ‘काढा गिअर. सोडा क्लच.’

तीन मिनिटं. फार तर चार.

‘गिअरबॉक्स दगड हाय. तुमचं क्लचचं बेरिंग गेलंय.’

हे त्यांना कसं कळलं, ते मी नंतर चहा पिताना बसून समजून घेतलं. तुम्हीही समजून घ्या, कारण हा फंडा कोणत्याही मॅन्युअल गाडीला लागू आहे, नुसत्या जीपला नाही.

इंजिनच्या मागे फ्लायव्हील गरगरत असतं. त्याला चिकटून क्लच प्लेट आणि तिला मागून दाबून धरणारी प्रेशर प्लेट. सँडविच म्हणा. या सँडविचमधल्या क्लच प्लेटच्या मधोमध गिअरबॉक्सचा शाफ्ट. आपण पेडल दाबतो तेव्हा एक फोर्क पुढे सरकतो आणि प्रेशर प्लेटच्या मधल्या स्प्रिंगची पोलादी बोटं दाबतो. सँडविच सैल होतं, इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे. आता गंमत बघा. फोर्क फिरत नाही. ती बोटं मात्र इंजिनच्या स्पीडने फिरताहेत. न फिरणाऱ्याने फिरणाऱ्याला दाबायचं कसं? तर मधे एक बेअरिंग ठेवायचं. तेच हे रिलीज बेअरिंग, मिस्त्रींच्या भाषेत क्लच बेरिंग. माझ्या जीपसारख्या जुन्या गाड्यांत पाय काढला की ते बोटांपासून जरा मागे सरकतं आणि आराम करतं. पाय टेकवला की बोटांना लागतं आणि कामाला लागतं.

म्हणून आवाज जर पाय नुसता टेकवल्यावर सुरू होत असेल आणि काढल्यावर बंद होत असेल, तर संशय रिलीज बेअरिंगवर. याच्या बरोब्बर उलट झालं, म्हणजे न्यूट्रलमध्ये पाय काढलेला असताना घरघर येते आणि क्लच दाबल्यावर ती थांबते, तर मात्र गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग बघायचं, कारण क्लच दाबल्यावर तो शाफ्ट थांबतो. तेव्हा खिशाची खैर नाही. तिसरं एक पायलट बेअरिंग असतं, काही गाड्यांत नुसता बुश. क्रँकच्या टोकाला बसून गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक धरून ठेवणारं. ते ओरडतं क्लच पुरा दाबून गिअर टाकल्यावर, कारण तेव्हाच शाफ्ट उभा आणि क्रँक फिरता असतो. मामांनी मला सगळं करायला लावलं ते यासाठी. पुण्याच्या त्या मुलाने राउंड मारला, आवाज हाउसिंगमधून येतोय हे ऐकलं आणि तिथेच थांबला. हाउसिंग एकच, बेअरिंगं तीन.

‘पण तुम्ही आधी पेडलकडे का बघत होता?’ मी विचारलं.

मामा हसले. ‘रबर बघा की.’

मी वाकून पाहिलं. ब्रेकच्या पेडलच्या रबरावर नक्षी शाबूत. क्लचचं रबर तव्यासारखं गुळगुळीत.

‘पाय तुमचाच,’ मामा म्हणाले.

बाबांची आयडिया

हिशोब करून पाहा. डिझेल इंजिन उभ्या उभ्या मिनिटाला साधारण आठशे फेरे घेतं. सिग्नलला पहिला गिअर टाकून, क्लच दाबून दहा मिनिटं थांबलात, तर बेअरिंगचे आठ हजार फेरे झाले आणि गाडी एक इंच हलली नाही. मी रोज दीड तास जॅममध्ये. शिवाय ‘आत्ता लागेलच’ म्हणून चालत्या गाडीतही पाय पेडलवर टेकवून ठेवायची सवय. त्यात साळवणचा ओढा आणि पाणंद. असल्या बेअरिंगमधलं ग्रीस सील करून भरलेलं असतं, पण सतत तापलं की ते पातळ होतं, आणि तापलेल्या हाउसिंगवर गार पाणी पडलं की सीलमधून चिखलपाणी आत ओढलं जातं. जुन्या लँड रोव्हरला म्हणे हाउसिंगच्या बुडाला भोक असतं, गळलेलं ऑइल बाहेर पडावं म्हणून. आणि पाण्यात उतरण्याआधी त्यात एक प्लग पिळायचा. त्याचं नाव वेडिंग प्लग. लग्नाशी काही संबंध नाही, पाण्यातून चालायचा. काकांना हा प्लग सांगितला तेव्हा ते म्हणाले, ‘मग रोज गाडीखाली झोपायचं का मी?’

दुपारी बाबा गॅरेजवर आले. निदान ऐकलं. त्यांचा चेहरा खुलला. पण मला वाटलं त्या कारणाने नाही.

‘म्हणजे पाय काढला की आवाज येत नाही?’

‘नाही.’

‘मग सोपं आहे की! उद्या पार्टी आली की गाडी चालू करून ठेवायची. उभ्या गाडीत आवाज नाही. राउंड मी मारतो, त्यांना शेजारी बसवतो. क्लच पटकन दाबायचा, पटकन सोडायचा. कळणार पण नाही.’

खरं सांगते, मला अर्धा मिनिट ती आयडिया पटली. मामांनी जे शिकवलं होतं, त्याच्यावर फसवण्याची पद्धत आयती बसत होती. माझे पैसे वाचत होते. सोमवारी पुण्यात एक प्रेझेंटेशन होतं. जीप गेली असती आणि ईएमआयवर एखादी छोटी पांढरी गाडी आली असती.

मामांनी पाना पुसत विचारलं, ‘पार्टी कुठं वापरणार गाडी?’

‘कोकणात त्यांची वाडी आहे,’ बाबा म्हणाले. ‘फोंडा घाटानं जा-ये.’

मामा काही बोलले नाहीत. बोटाने त्यांनी बाकावरचं एक जुनं बेअरिंग माझ्याकडे ढकललं. कुणाच्या तरी दुसऱ्याच गाडीचं. त्याच्या आतल्या गोळ्या गायब होत्या आणि कडा काळीनिळी. ‘हे राधानगरीच्या पुढनं टोचन करून आणलं,’ ते म्हणाले. ‘बेरिंग जाम झालं, स्प्रिंगची बोटं खाल्ली. मग क्लच दाबला तरी गिअर सुटत न्हाई. उतारावर होती गाडी.’

बाबा ते बेअरिंग हातात घेऊन फिरवत राहिले.

‘उघडा,’ मी म्हटलं.

दोन दिवस जमिनीवर

फोर बाय फोरचा क्लच उघडणं म्हणजे हॅचबॅकचा नव्हे. मागच्या चाकांना जाणारा प्रोपेलर आहे, तसा पुढच्या चाकांना जाणाराही आहे. दोन्ही सोडवायचे. गिअरबॉक्सच्या पाठीला ट्रान्सफर केस चिकटलेली, तीही बरोबर खाली येणार. आधी बॅटरीची वायर काढली. मग आतून सीट, मॅट, मधला पत्रा आणि गिअरचे दांडे काढले. गाडी लाकडी ठोकळ्यांवर. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, यावर मामा एका पोरावर जे ओरडले ते इथे छापण्यासारखं नाही.

मला वाटलं होतं मी खुर्चीवर बसून बघेन. अर्ध्या तासात माझ्या हातात बॉक्स पाना होता.

गिअरबॉक्स मागे ओढताना एक नाजूक काम असतं. तो सरळ रेषेत मागे यायला हवा. मधेच त्याला लटकू दिलं तर सगळं वजन शाफ्टवरून क्लच प्लेटवर येतं आणि प्लेट वाकते. खाली जॅक, दोन बाजूंना दोन माणसं आणि मामांचा आवाज : ‘हळू... हळू... आलं... वडा.’ धप्प न होता तो खाली आला. आत पहिल्यांदा दिसलं ते कोरडं, तपकिरी चूर्ण. क्लच प्लेटची पावडर आणि साळवणचा लाल चिखल, मिक्स!

बेअरिंग माझ्या मुठीत मावलं. फिरवलं तर वाळू दळल्यासारखं. दोन बोटांत धरून हलवलं तर डुलत होतं. तोंडाची कडा उन्हात निळी चमकली, म्हणजे कधीतरी चांगलंच तापलेलं. नवीन बेअरिंग शेजारी ठेवून मामांनी फिरवायला लावलं. त्याला आवाज नव्हता, फक्त तेलकट जडपणा. तो फरक बोटांना एकदा कळला की विसरत नाही.

आणि इथे खरा प्रश्न आला. बदलायचं काय काय? नुसतं बेअरिंग हजाराच्या आत मिळतं. पण स्प्रिंगच्या बोटांवर बेअरिंगने गोल खाच पाडली होती. क्लच प्लेट रिव्हेटपर्यंत घासलेली. मामांचं गणित सरळ : मजुरी गिअरबॉक्स उतरवायची असते, बेअरिंग बदलायची नव्हे. आज नुसतं बेअरिंग टाकलंत आणि सहा महिन्यांनी प्लेट गेली, तर तीच मजुरी परत. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग तिन्ही नवीन, पायलट बुशही. इंजिनच्या मागच्या ऑइल सीलवर हात फिरवून बघायचा, ओलं असेल तर तेही आत्ताच. फ्लायव्हीलवर तापल्याचे निळे डाग होते. ते काढून एक पोरगा खांद्यावर टाकून तिसऱ्या शेडमध्ये घेऊन गेला. लेथवर पुसटसा कट मारून तासाभरात आरशासारखं परत आलं. पुण्यात याच कामाला किती दिवस लागले असते, याचा विचार करत मी मिसळ मागवली.

बेअरिंग आणायला मी स्वतः गेले. दुकानदाराने दोन बॉक्स ठेवले, किमतीत दुपटीचा फरक. स्वस्त बॉक्सवरची छपाई जरा पुसट, कंपनीच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे. डुप्लिकेट माल! आपण शंभर-दोनशे रुपयांसाठी मोह केला तर अख्खा गिअरबॉक्स परत उतरवायचा. ओरिजिनल घेतलं. जाता जाता एक गंमत. पुणे-कोल्हापूर आपण सगळेच ‘व्होल्वो’ने जातो ना? व्होल्वो म्हणजे लॅटिनमध्ये ‘मी फिरतो’. हे नाव मुळात बसचं नव्हेच. एसकेएफ या स्वीडिश बेअरिंग कंपनीने ते १९१५ मध्ये बेअरिंगसाठी रजिस्टर करून ठेवलं होतं. त्या नावाची पहिली कार आली १९२७ मध्ये. थोडक्यात, आपण बेअरिंगच्या नावाने बसचं तिकीट काढतो.

रविवारी सकाळी जोडणी. नवं बेअरिंग मी कौतुकाने डिझेलच्या ट्रेमध्ये धुवायला निघाले होते. मामा जवळजवळ धावत आले. सील केलेलं बेअरिंग धुवायचं नसतं, आतलं ग्रीस निघून जातं. ते त्याच्या नळीवर बसवतानाही तोंडावर हातोडी मारायची नाही. जी कडी बसवायची तिच्यावरच सारखा दाब द्यायचा. मामांनी त्यासाठी जुन्याच बेअरिंगची कडी मधे ठेवली आणि प्रेसमध्ये धरलं. ज्या नळीवर ते पुढेमागे सरकतं तिला ग्रीसचा हात फिरवला, पण चाटण्याएवढाच. जास्त लावलं की गरगरत्या भागावरून उडून प्लेटवर जातं आणि क्लच घसरायला लागतो. क्लच प्लेटला उलटसुलट बाजू असते, चुकीची बसली तर सगळं परत खोला. ती मधोमध धरायला मामांकडे एका जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट आहे, खास यासाठी जपलेला. तो आत घालून प्लेट सेंटरला, मग प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करत आवळले. गिअरबॉक्स वर चढवताना मात्र अर्धा तास गेला. शाफ्टचे दाते प्लेटच्या दात्यांत शिरेनात. एक पोरगा म्हणाला, बोल्ट लावून ओढून घेऊ. मामांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. टॉप गिअर टाकून, मागचा शाफ्ट हाताने जरासा फिरवला, आणि ‘टक’.

शेवटचं काम सगळ्यात साधं आणि सगळ्यात महत्त्वाचं. पेडलची ढील. माझ्या जीपला रॉडवरचा नट फिरवून ती लावता येते. हाताने दाबल्यावर पेडल साधारण इंचभर रिकामं खाली गेलं पाहिजे, मग जोर लागायला हवा. ही ढील नसेल तर तुम्ही पाय काढला तरी बेअरिंगच्या दृष्टीने तो तिथेच असतो. नव्या हायड्रॉलिक क्लचच्या गाड्यांत अशी ॲडजस्टमेंट बऱ्याचदा नसते. काहींत तर बेअरिंग आणि त्याचा सिलिंडर एकच असतो आणि बिल त्या हिशोबाने. आणि एएमटीवाल्यांनो, हसू नका! तुम्हाला पेडल नाही, पण आत क्लच आहे, आणि हे बेअरिंगही. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवलीत की क्लच तुमचाच जळतो.

बिल : मजुरी साडेतीन हजार, क्लच सेट साडेपाच, बेअरिंग साडेआठशे, लेथचे पाचशे, ऑइल, सील, बुश मिळून नऊशे. अकरा हजार दोनशे पन्नास. वरचे पन्नास मामांनी सोडले आणि पेडलचं नवं रबर स्वतःहून लावून दिलं.

पार्टी संध्याकाळी पाचला आली. नवरा-बायको, सज्जन माणसं. त्यांनी राउंड मारला, गाडी लोण्यासारखी. मी बिल दाखवलं, जुनं बेअरिंग दाखवलं, काय काय बदललं ते सगळं सांगितलं. मला वाटलं, खूश होतील. गृहस्थांचा चेहरा हळूहळू पडला. ‘म्हणजे गाडी खोललेली आहे,’ ते म्हणाले. ‘न खोललेली असती तर बरं झालं असतं.’ आणि ठरलेल्या किमतीतून सरळ वीस हजार कमी सांगितले.

मी बाबांकडे पाहिलं. आता म्हणतील, बघ, सांगत होतो ना. बाबा दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मग राहू दे.’ इतक्या चिडून, की त्यांनी त्या लोकांना दुसरा चहाही विचारला नाही.

जीप पुण्यात आहे. सिग्नलला न्यूट्रल करते, पाय फ्लोअरवर. मागचे हॉर्न मारतात, मारू देत. परवा बाबा फोनवर म्हणाले, इचलकरंजीवाल्यांचा पुन्हा फोन आला होता, आता दहाच हजार कमी करा म्हणतात. ‘काय सांगितलंत?’ मी विचारलं. ‘सांगितलं, मुलगी ऑफिसला नेते,’ बाबा म्हणाले. आणि मग, ‘रबराची नक्षी आहे का अजून?’

आहे. सकाळीच पाहिली.